दुसऱ्याचें शरीर

नीतिशास्त्राच्या वर्गांत ॲरिस्टॉटलच्या ग्रंथाचा दुसरा भाग शिकविण्याचा प्रसंग आम्हांवर दरवर्षीं येतो. सद्गुण हा दोन टोंकांच्या मध्यें असतो, हें त्याचें मत विद्यार्थ्यांना आधींच पाठ असतें. 'सुवर्णमध्य' हा शब्द आपल्या भाषेंत इतका रुळला आहे कीं, त्याच्यामागें कांहीं विचार आहे हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. म्हणून आम्ही त्यांना तेथील व्यायामशिक्षकाच्या दृष्टांतापाशीं मुद्दाम थांबवितों. दहा मापें अन्न फार होतें आणि दोन मापें थोडें, एवढ्यावरून शहाणा शिक्षक सर्वांना सरसकट सहा मापें नेमून देत नाहीं. कारण तींच सहा मापें मायलोसारख्या नामांकित मल्लाला अपुरीं पडतील आणि कालपरवां आखाड्यांत उतरलेल्या पोराला जड जातील. मध्य हा गणितानें काढावयाचा नसतो; तो ज्याचा त्याचा निराळा असतो आणि तो ओळखणें हीच शिक्षकाची विद्या.

यंदा हें सांगून आम्ही पान उलटणार, तोंच मागच्या बांकावरून एका विद्यार्थिनीनें विचारलें, "पण सर, त्या शिक्षकाला पगार कोण देत होतें?" वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों, आणि तास संपत आला होता त्याचा फायदा घेऊन सुटलों.

सुटलों असें तेव्हां वाटलें. पण घरीं आल्यावर तो प्रश्न मनांतून जाईना. ॲरिस्टॉटलच्या दृष्टांतांत दोनच माणसें आहेत: शिकविणारा आणि शिकणारा. मायलोला काय मानवेल हें शिक्षक पाहतो, आणि मायलोचें बरें तेंच त्याच्या शिक्षकाचें यश. मात्र त्या दोघांच्या मध्यें एखादा तिसरा येऊन उभा राहिला, मायलोच्या विजयावर ज्याचा पैसा लागला आहे असा, आणि शिक्षकाचा पगारहि तोच देऊं लागला, तर त्या सहा मापांचें काय होईल? हा तिसरा मनुष्य आमच्या कल्पनेंतील नव्हे. आजच्या धंदेवाईक खेळांत तोच मुख्य आहे, आणि ज्या खेळांत त्यानें आपल्या खेळाडूंसाठीं प्रथम पगारी व्यायामशिक्षक नेमिला त्या खेळाची हकीकत पाहण्यासारखी आहे.

अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. तेथें लांबट चेंडू हातांत घेऊन धांवतात, आणि धांवणाऱ्याला अडविण्यासाठीं धिप्पाड माणसें एकमेकांवर आदळतात. अशा खेळांत ताकदीची जोपासना पहिल्यापासून होत असेल असें कोणालाहि वाटेल. परंतु विसाव्या शतकाचा पूर्वार्ध उलटून गेला तरी तेथील बहुतेक प्रशिक्षकांची अशी समजूत होती कीं, वजनें उचलल्यानें स्नायू आंखडतात आणि मनुष्य मंदावतो. खेळाडू हंगाम संपला कीं दुसऱ्या कांहीं नोकरीधंद्याला लागत आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर छावणींत येऊन घाम गाळीत. १९६३ सालीं सॅन डिएगो चार्जर्स या संघाचा मुख्य प्रशिक्षक सिड गिलमन यानें हा प्रघात मोडला. आदल्या वर्षीं त्याच्या संघानें चौदांपैकीं दहा सामने गमावले होते. त्यानें ॲल्विन रॉय नांवाच्या लुइझियानांतील व्यायामतज्ज्ञाला पगारावर आणिलें. त्याला खेळ शिकवावयाचा नव्हता, डाव आंखावयाचे नव्हते; खेळाडूंचीं शरीरें तेवढीं त्याच्या ताब्यांत दिलीं होतीं. आपल्याकडील वस्तादाची आठवण येथें होईल, पण वस्ताद डावहि शिकवितो आणि शिष्य कसा लढला याचें श्रेय वा अपश्रेय त्याच्या नांवावर पडतें. इंग्रजींत ज्याला 'स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच' म्हणतात, म्हणजे ताकद आणि दम वाढविणारा शिक्षक, त्याच्या वांट्याला डाव येत नाहीं, देहच येतो.

संघाची छावणी त्या वर्षीं शहरापासून दूर, डोंगराळ वैराण मुलुखांतील एका कुरणावर पडली होती. तेथें वजनें आलीं, आणि वजनांबरोबर जेवणाच्या टेबलावर बशींतून लहानशा गोळ्याहि आल्या. या गोळ्या डायनाबॉलच्या होत्या. स्नायू वाढविणारें हें कृत्रिम औषध सीबा कंपनीनें १९५८ सालीं बाजारांत आणिलें होतें. रशियन पैलवानांच्या बळाचें रहस्य यांतच आहे, असें रॉयनें खेळाडूंना सांगितलें. त्या काळीं हें बेकायदा नव्हतें, खेळाच्या कोणत्याहि नियमानें त्याला मनाई नव्हती, आणि कांहीं चोरून चाललेलेंहि नव्हतें. संघांतील रॉन मिक्स या बुद्धिमान खेळाडूनें पुढें सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें, कांहीं आठवड्यांनीं त्या औषधाच्या धोक्यांविषयींची लेखी सूचना खेळाडूंच्या हातीं पडली. त्यानें तो विषय सहकाऱ्यांपुढें मांडला आणि तेव्हांपासून गोळ्या घेणें न घेणें ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोपविण्यांत आलें. कांहींनीं सोडल्या, कांहींनीं चालू ठेविल्या. ५ जानेवारी १९६४ रोजीं त्या संघानें बोस्टन पेट्रियट्सचा ५१ विरुद्ध १० असा धुव्वा उडवून आपल्या लीगचें अजिंक्यपद मिळविलें.

या हकीकतींत दुष्ट असा कोणी नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें. गिलमनला जिंकावयाचें होतें. त्यासाठींच त्याला नेमिलें होतें. रॉयला आपल्या विद्येवर विश्वास होता. खेळाडूंना बळ हवें होतें. तरी वाचतांना मन कोठें तरी अडखळतें, आणि तें अडखळतें तें गोळ्यांपाशीं नव्हे, त्या सूचनेपाशीं. औषधाचा धोका वाचून दाखविण्याचें काम ज्याच्या पोटांत औषध जात होतें त्या खेळाडूवर कां पडावें? शरीराचा जाणता म्हणून ज्याला आणिलें होतें तो त्या वेळीं कोठें होता? आणि आणखी एक गोष्ट. ॲरिस्टॉटलच्या शिक्षकानें जी चूक कधींच केली नसती तीच येथें झाली होती: बशी एकच, गोळी एकच, मायलोला आणि नवशिक्याला मापहि एकच.

यावर आमच्या पिढीच्या सुशिक्षिताच्या तोंडीं एक उत्तर तयार असतें. जॉन स्टुअर्ट मिलच्या १८५९ सालच्या स्वातंत्र्यावरील निबंधावर आमचें पोषण झालें. आपल्या देहावर आणि मनावर ज्याची त्याची सत्ता, हें त्याचें सूत्र आम्हीं विद्यार्थ्यांना किती वेळां समजावून दिलें असेल! मग प्रौढ मनुष्यानें जाणूनबुजून आपलें शरीर पणाला लावलें तर आपण कोण बोलणारे? मर्जीवर सोपविल्याबरोबर नीतीचा प्रश्न संपला नाहीं काय?

'मर्जी' हा शब्द त्या खेळांत आजहि फार मानानें वावरतो. २०११ सालीं संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यांत जो करार झाला त्यानें हंगामाबाहेरच्या तयारीचे नऊ आठवडे ठरवून दिले. त्यांतील पहिले दोन केवळ ताकद आणि दम यांचे, म्हणजे या व्यायामशिक्षकाचेच. ही हजेरी ऐच्छिक आहे, असें कराराच्या भाषेंत स्पष्ट म्हटलें आहे. पण अनेकांच्या करारांत या ऐच्छिक व्यायामाला हजर राहिल्याबद्दल निराळी रक्कम लिहिलेली असते. पुढील वर्षांच्या पगाराची हमी बहुतेकांना नसते. आणि जो येत नाहीं त्याची जागा घेण्यास दुसरा उभाच असतो. अशा वेळीं मर्जी कोणत्या बाजूला कलेल हें सांगण्यास ज्योतिषी नको. आमच्या इकडे घरगड्याला "रविवारीं आलास तर बरें, तुझी खुषी" असें सांगण्याची जी पद्धत होती तिची आठवण होते.

तथापि या व्यायामशिक्षकांची बाजू न मांडणें अन्यायाचें होईल, आणि ती बाजू लहान नाहीं. नेब्रास्का विद्यापीठांत बॉइड एप्ली हा बांबूच्या उडीचा खेळाडू पाठीच्या दुखापतीमुळें वजनांच्या खोलींत व्यायाम करीत असे. तेथेंच फुटबॉलचे दुखावलेले खेळाडूहि येत. त्याचें पाहून तेहि तसेंच करूं लागले, आणि मैदानावर परतले ते पूर्वीपेक्षां बळकट होऊन. हें पाहून १९६९ सालीं विद्यापीठानें त्यालाच या कामावर नेमिलें. कोणी मंदावला तर तुझी नोकरी गेली असें मुख्य प्रशिक्षकानें त्याला बजावलें होतें, असें सांगतात. १९७८ सालीं या शिक्षकांची राष्ट्रीय संस्था निघाली आणि आज तो एक मान्य, शास्त्राधारें चालणारा व्यवसाय झाला आहे. मानेचे, मांडीचे, पाठीचे स्नायू नीट कसलेले असले तर आदळआपट सोसते आणि खेळाडूचें आयुष्य मैदानावर लांबतें, यांत शंका नाहीं. शिवाय संघांतील पन्नास-साठ जणांत प्रत्येकाचा कोणता गुडघा कुरकुरतो आणि कोण रात्रीं नीट झोंपला नाहीं हें या एका माणसाला ठाऊक असतें. पहांटे दार उघडून तोच उभा असतो. खेळाडू ज्याच्याजवळ मन मोकळें करतो तो बहुधा तोच.

अडचण नेमकी येथेंच आहे. दुसऱ्या शतकांत गेलन हा थोर वैद्य आपल्या तारुण्यांत पर्गामम येथें ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. आपल्या हाताखालीं पूर्वीपेक्षां फार कमी मल्ल दगावले असें तो अभिमानानें सांगतो, आणि त्यावर अविश्वास दाखविण्याचें कारण नाहीं. त्यानें त्यांच्या जखमा शिवल्या, त्यांचा आहार नेमिला, त्यांना उभें केलें. आणि मग ते पुन्हां रिंगणांत गेले. हाच गेलन पुढें पैलवान तयार करणाऱ्या शिक्षकांवर तुटून पडला. फुगविलेलें बळ म्हणजे आरोग्य नव्हे, हें त्यानें परोपरीनें मांडलें. आपल्या तारुण्यांतील नोकरीकडे त्यानें त्या दृष्टीनें कधीं वळून पाहिलें कीं नाहीं कोण जाणे. त्याचें कौशल्य आणि त्याची माया दोन्ही खरीं होतीं. पण तीं ज्याच्या उपयोगीं पडत होतीं तो मनुष्य खाटेवर पडलेला नव्हता, सज्जांत बसलेला होता.

१ ऑगस्ट २००१ रोजीं मिनेसोटा वायकिंग्ज संघाचा कोरी स्ट्रिंगर हा सत्तावीस वर्षांचा खेळाडू उष्माघातानें वारला. त्याचें वजन ३३५ पौंड, म्हणजे दीडशें किलोंहून अधिक होतें. आदल्या दिवशीं भर उन्हाळ्यांतील छावणींत सराव करून तो कोसळला तेव्हां त्याच्या अंगांत १०८ अंशांवर ताप चढला होता. २०१८ च्या मे महिन्यांत मेरीलंड विद्यापीठाचा जॉर्डन मॅक्नेअर हा एकोणीस वर्षांचा मुलगा धांवण्याच्या व्यायामांत असाच पडला आणि पंधरा दिवसांनीं गेला. हा विद्यार्थी होता, पगारी खेळाडू नव्हता. परंतु त्याचा व्यायाम घेण्याची तऱ्हा तीच होती. अशा रोग्याला तत्काळ बर्फाच्या पाण्यांत बुडविलें तर तो बहुधा वांचतो, हें वैद्यकाला पुष्कळ आधींपासून ठाऊक आहे. तें त्या दिवशीं झालें नाहीं, असें विद्यापीठानेंच नेमलेल्या चौकशींत आढळलें. व्यायामशिक्षकानें राजीनामा दिला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनीं कायद्याची आणि नीतीची जबाबदारी उघडपणें पत्करली. पत्करली हें त्यांना भूषणास्पदच. पण जबाबदारी पत्करण्याची वेळ धांव चालू असतांना येते. त्या वेळीं मैदानावर ज्ञान होतें, घड्याळ होतें, माणसें होतीं. ज्यानें "बस" म्हणावयाचें तो कोण, हें तेवढें ठरलेलें नव्हतें.

स्वतः पडणाऱ्यानें तें कां म्हटलें नाहीं, असें विचारण्याचा मोह होतो. त्याचें उत्तर आम्हांस पुस्तकांत सांपडलें नाहीं. आमच्याच एका आठवणींत सांपडलें. ती लिहावी कीं न लिहावी असा विचार पुष्कळ केला.

पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही ज्या महाविद्यालयांत होतों तेथें आमच्या विषयांत विद्यापीठाचा पहिला क्रमांक कधीं आला नव्हता. त्या सालीं खेड्यांतून आलेला एक मुलगा आमच्या हातीं लागला. हातीं लागला हाच शब्द त्या वेळीं आमच्या मनांत होता. बुद्धि तल्लख, घरची गरिबी, आणि गुरुजनांविषयीं इतका आदर कीं समोर खुर्चीवर बसावयाचा नाहीं. आम्हीं त्याला पुस्तकें दिलीं, रात्रीं घरीं बोलावून शिकविलें, प्राचार्यांना भेटून त्याची फी माफ करविली. तो खंगत चालला होता. आमच्या पत्नीनें एकदां जेवावयास वाढतांना विचारलेंहि, "अहो, हा मुलगा झोंपतो तरी केव्हां?" आम्हीं त्याला दुसऱ्या दिवशीं विचारलें, "काय रे, जमेल ना?" तो म्हणाला, "जमेल, सर." परीक्षेच्या तिसऱ्या दिवशीं तो उत्तरपत्रिकेवर डोकें टेकून पडला तो उठला नाहीं, त्याला उचलून न्यावें लागलें. जीव वांचला. वर्ष गेलें, आणि पुढें त्यानें एका कचेरींत कारकुनी धरली. मध्यंतरीं रस्त्यांत भेटला तेव्हां वांकून नमस्कार केला, आणि आमच्या प्रकृतीची चौकशी केली.

आम्हीं त्याची संमति घेतली होती. मिलच्या सूत्राप्रमाणें आमच्याकडे बोट दाखवितां येणार नाहीं. पण ज्या प्रश्नाला त्याच्यापाशीं एकच उत्तर होतें तो प्रश्न आम्हीं विचारिला होता, आणि विचारतांना आम्हांस तें उत्तर ठाऊक होतें. ज्याची फी आम्हीं माफ करविली तो आम्हांला "जमणार नाहीं" असें कोणत्या तोंडानें सांगणार? क्रमांकाची पाटी लागावयाची होती ती महाविद्यालयाच्या भिंतीवर. देह पडावयाचा होता तो त्याचा. त्याला काय जमेल हें ओळखण्याचें काम आमचें होतें. तें आम्हीं त्याच्यावर ढकललें आणि त्याला स्वातंत्र्य असें नांव दिलें.

म्हणून "खेळाडूनें होय म्हटलें" एवढ्यावर आमचें आतां समाधान होत नाहीं. कोणी म्हणतील, मग काय तीस वर्षांच्या, लक्षावधि डॉलर मिळविणाऱ्या माणसाला कुक्कुटबाळ समजावयाचें? त्याला म्हातारपणच्या धड गुडघ्यांपेक्षां तारुण्यांतील दहा वर्षांचा पराक्रम मोलाचा वाटत असेल तर तो त्याचा अधिकार नाहीं काय? आहे. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. अकिलिसानें दीर्घायुष्य सोडून कीर्ति पत्करली आणि त्याला मूर्ख म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. सैनिक, खाणकामगार, दहाजणांचें घर ओढणारी आपली आई, हीं सारींच आपलें शरीर कशासाठीं तरी खर्ची घालीत असतात. देह जपून ठेवण्यासाठींच मिळाला आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु धन्यानें आपलें धन उधळणें निराळें, आणि मुनिमानें वही मिटून ठेवून धन्याच्या नांवानें उधळणें निराळें. व्यायामशिक्षक हा त्या देहाचा मुनीम आहे. किती शिल्लक आहे, आज किती गेलें, या वेगानें कितव्या वर्षीं दिवाळें निघेल, हें त्याला दिसतें आणि खेळाडूला दिसत नाहीं. वही उघडून दाखविणें आणि शिल्लक संपत आली म्हणजे हात धरणें, इतकें ज्यानें केलें त्यानें आपलें काम केलें. पुढें धनी काय करील तें करो. सॅन डिएगोच्या छावणींत ती वही मुनिमानें उघडली नाहीं; ती एका खेळाडूला उघडावी लागली.

पण वही उघडणाऱ्या मुनिमाला ठेवणार कोण? त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे आम्ही पुन्हां येतों तें यामुळें. तेथील व्यवस्थेंत व्यायामशिक्षकाला बहुधा मुख्य प्रशिक्षक निवडून आणितो, आणि मुख्य प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली कीं त्याच्याबरोबर यालाहि पुष्कळदां गांठोडें बांधावें लागतें. रविवारचा सामना हरला तर ज्याची नोकरी डळमळते त्यानें शनिवारीं "हा मनुष्य उद्यां खेळण्याजोगा नाहीं" असें म्हणावें, अशी आपली अपेक्षा आहे. असें म्हणणारीं माणसें असतात, आणि त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु कोणतीहि व्यवस्था रोज धैर्यवान माणसें मिळतील या हिशेबावर चालवितां येत नाहीं. शाळाहि येत नाहीं.

पुढच्या तासाला आम्हीं त्या मुलीला उभें करून सांगितलें कीं, ग्रीसमध्यें पगार कोण देई याचें उत्तर ॲरिस्टॉटल देत नाहीं. अमेरिकेंत मात्र एका अवयवापुरतें तें मिळालें आहे. मेंदूला बसणाऱ्या मारानें खेळाडूंचे शेवटचे दिवस कसे जातात याचा बोभाटा झाल्यावर, २०१३ सालापासून तेथील प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला असा एक मज्जातज्ज्ञ उभा असतो कीं जो दोन्हींपैकीं कोणत्याच संघाचा नोकर नसतो. लीग आणि खेळाडूंची संघटना मिळून त्याला नेमितात आणि दोघांकडून त्याचें वेतन येतें. ही व्यवस्थाहि चुकते. २०२२ सालीं मायामीच्या एका खेळाडूच्या प्रकरणांत असा एक डॉक्टर संघटनेनेंच काढून टाकला आणि नियम बदलावे लागले. तरी डोक्याला मार बसला तर कोणाला विचारावयाचें, हें आतां ठरलें आहे. मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, "आणि मानेच्या खालीं, सर?" मानेखालचें शरीर अजून संघाच्या पगारी व्यायामशिक्षकाकडेच आहे, असें आम्हीं तिला सांगितलें, आणि तिसऱ्या भागाला आरंभ केला.